अंगातली रग आणि नसबंदीचा प्रश्न

जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर तासभर बसलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. दीड वर्षाचा लॅब्रडॉर पट्टा ताणून धापा टाकत असतो, समोरच्या टोपलीतल्या मांजराकडे झेपावत असतो. त्याला आवरता आवरता काकांच्या मनगटावर पट्ट्याचे वळ उठलेले असतात. नंबर लागला की आत जाऊन काका आधी हेच विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन केलं की हा जरा शांत होईल ना?"

या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. पिल्लं होऊ नयेत, पुढचे आजार टळावेत आणि अंगातली रग जिरावी. पहिल्याचं उत्तर सरळ आहे. दुसऱ्याबद्दल पशुवैद्यकांची मतं गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरीच हलली आहेत. आणि तिसऱ्याबाबत लोकांची समजूत एकीकडे आणि अभ्यासांचे निष्कर्ष दुसरीकडे, असं चित्र आहे. हे तिन्ही सुटे करून पाहिल्याशिवाय उसळत्या कुत्र्याला ऑपरेशनला कधी न्यावं, याचा विचार पुढे सरकत नाही.

शब्द आणि त्यामागची समजूत

आपण सर्रास 'नसबंदी' म्हणतो. पण माणसाच्या नसबंदीत फक्त वाहिनी बांधतात किंवा कापतात. ग्रंथी जागच्या जागी राहतात आणि संप्रेरकं पूर्वीसारखीच रक्तात येत राहतात. कुत्र्याच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये नराची वृषणंच काढून टाकतात. मादीचे बीजांडकोश काढतात, बहुतेक वेळा गर्भाशयासकट. म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेनचा मुख्य झराच आटतो. सांधे, कर्करोग, स्वभाव यांवरचा पुढचा सगळा वाद या एका फरकातून निघालेला आहे. महानगरपालिकांचा 'निर्बीजीकरण' हा शब्द त्या मानाने नेमका म्हणायचा.

तिसरा शब्द खच्चीकरण. तो गोठ्यातून आला, आणि आज वर्तमानपत्रांत 'मनोबलाचं खच्चीकरण' असाच जास्त भेटतो. नर कुत्र्याच्या ऑपरेशनला घरातले पुरुष का कचरतात, याचं थोडं उत्तर या शब्दातही असावं. पण गोठ्याकडेच नीट पाहिलं तर उलटी गोष्ट दिसते. खोंड बडवतात ते त्याने आळसावून पडावं म्हणून नव्हे, जुंपण्यासाठी. बर्डिझो चिमट्याने खच्ची केलेला बैल दिवसभर नांगर ओढतो, उसाची गाडी ओढतो. त्याची ताकद, चाल, दम शाबूत राहतो. कमी होतं ते गायीमागे धावणं आणि दुसऱ्या बैलाशी झुंज घेणं. कुत्र्यांबाबत अभ्यासकांनी जे मोजून मांडलं, ते शेतकऱ्याच्या या अनुभवापासून फार लांब नाही.

दोन परंपरा

सहा महिन्यांच्या आसपास ऑपरेशन उरकून टाकायचं, ही पद्धत मुख्यतः अमेरिकेतली. तिथल्या निवारागृहांत नको असलेली कुत्री विसाव्या शतकात प्रचंड संख्येने मारली जात. ते थांबवण्यासाठी स्वस्त नसबंदीची केंद्रं निघाली. लॉस एंजेलिस शहराने १९७१ मध्ये असं केंद्र सुरू केलं. पाळीव कुत्र्याची नसबंदी हे तिथे जबाबदार मालकाचं लक्षण ठरलं. या विचारामागे मेलेल्या कुत्र्यांचे ढीग होते, हे विसरून त्यावर टीका करणं योग्य नाही.

स्कँडिनेव्हियात नेमकं उलटं होतं. स्वीडनमध्ये १९८८ पर्यंत वैद्यकीय कारणाशिवाय कुत्र्याची नसबंदी करता येत नसे, आणि नॉर्वेत आजही ती सरसकट करत नाहीत. तिथे कुत्रं सहसा पट्ट्यावर असतं, गल्लीत मोकाट कुत्री जवळपास नसतात आणि मालकावर देखरेखीची जबाबदारी कडक असते. निरोगी अवयव सोयीसाठी का काढावा, हा त्यांचा प्रश्न. या दोन परंपरांमध्ये कोण बरोबर, असं विचारण्यापेक्षा कोणत्या परिस्थितीत कोणती परंपरा टिकते, ते पाहणं जास्त उपयोगाचं.

शांत होतो का?

या विषयावरचा वारंवार उद्धृत होणारा अभ्यास कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचा, १९९७ मधला. प्रौढपणी ऑपरेशन झालेल्या ५७ नरांच्या मालकांना आधीच्या आणि नंतरच्या सवयी विचारल्या गेल्या. जागोजागी मुतून खुणा करणं, अंगावर चढणं आणि घर सोडून भटकणं या तीन सवयी ६० टक्के किंवा त्याहून अधिक कुत्र्यांत निम्म्याने तरी घटल्या. कुत्रं किती वयाचं किंवा सवय किती जुनी, याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे 'आता उशीर झाला' असं या सवयींपुरतं तरी नसतं.

रग मात्र या यादीत नाही. चेंडूमागे शंभर वेळा धावणं, पाहुणा दिसताच छातीवर उडी मारणं, चपला कुरतडणं, सोफ्याभोवती गरगर फिरणं, हे लैंगिक संप्रेरकांचं काम नव्हे. ते जातीचं, वयाचं आणि रिकामपणाचं काम. बॉर्डर कोलीला मेंढ्या वळायला घडवलं, हस्कीला बर्फावर ओढगाडी ओढायला आणि आपल्या मराठवाड्यातल्या कारवानीला माळरानावर सशामागे धावायला. पुण्यातल्या दोन खोल्यांत तोच दम दाराच्या चौकटीवर निघतो. शिवाय एक गफलत नेहमी होते. कुत्री दोन-तीन वर्षांची झाली की आपसूक निवळतात. वर्षभराच्या कुत्र्याचं ऑपरेशन केलं, ते दोन वर्षांचं होईतो शांत झालं, की श्रेय ऑपरेशनला जातं.

आक्रमकपणाचं चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. २०१८ मध्ये १३ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या प्रश्नावल्या तपासलेल्या एका अभ्यासात नसबंदीने घरच्या माणसांवरचा किंवा दुसऱ्या कुत्र्यांवरचा आक्रमकपणा घटल्याचं दिसलं नाही. अनोळखी माणसांच्या बाबतीत सात ते बारा महिन्यांत ऑपरेशन झालेल्यांमध्ये तो किंचित जास्तच आढळला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मांडलं की नराला संप्रेरकांचा सहवास जितका कमी, तितकं घाबरण्याशी जोडलेलं वागणं जास्त. मोठा आवाज, अनोळखी हात, नवी जागा यांना दचकणाऱ्या कुत्र्याची घाई करू नये, असं वर्तनतज्ज्ञ आता सांगतात ते याच आधारावर.

दुसऱ्या बाजूचा आक्षेपही वजनदार आहे. ही सगळी माहिती मालकांनी भरून दिलेली. आणि त्रासदायक कुत्र्याचंच ऑपरेशन आधी होण्याचा संभव जास्त. मग आधी काय आणि नंतर काय, हे प्रश्नावलीतून सुटत नाही. मला स्वतःला हा आक्षेप पटतो. तरीही 'नसबंदी केली की गुणी होईल' हे आश्वासन देता येत नाही, एवढं तरी दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखं आहे.

वयाचा वाद

खरी चुरस इथे आहे, आणि धावत्या-उडत्या कुत्र्याच्या मालकाने सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यावं.

लांब हाडांच्या टोकाशी वाढीच्या कूर्चा असतात. वयात येताना लैंगिक संप्रेरकं त्या बंद करतात आणि उंची थांबते. ती संप्रेरकं लवकर काढली तर कूर्चा उशिरा बंद होतात, हाडं थोडी जास्त वाढतात. पिल्लांवरच्या प्रयोगांत हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं. सांध्यांचे कोन त्यामुळे बदलतात का, गुडघ्याच्या अस्थिबंधावर जास्त ताण येतो का, हा पुढचा प्रश्न. उडी मारून गर्रकन वळणाऱ्या कुत्र्याचा तो अस्थिबंध तुटला की महिनोन्महिने लंगडणं आणि महागडी शस्त्रक्रिया ओढवते.

डेव्हिसच्याच बेंजामिन आणि लिनेट हार्ट यांच्या गटाने २०१३ मध्ये ७५९ गोल्डन रिट्रीव्हरांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या आणि खळबळ उडाली. एक वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्यांमध्ये सांध्यांचे विकार ठळकपणे जास्त होते. २०१६ मध्ये जर्मन शेफर्डचे आकडे आले. ऑपरेशन न झालेल्या नरांत सांध्याचा एखादा तरी विकार ७ टक्क्यांना, वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्यांत २१ टक्क्यांना. माद्यांत ५ टक्के आणि १६ टक्के. पुढे २०२० मध्ये ३५ जातींचा तक्ता निघाला आणि २०२४ मध्ये सैबेरियन हस्कीसह आणखी पाच जाती त्यात आल्या. यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे जातीनिहाय फरक. लहान चणीच्या बहुतेक जातींत सांध्यांना काहीच जादा धोका दिसला नाही. मिश्र जातींत २० किलो ही साधारण सीमारेषा निघाली. त्यावरच्या वजनाच्या कुत्र्यांत लवकर ऑपरेशनचा धोका वाढलेला, खालच्यांत नाही.

टीकाकार म्हणतात की या नोंदी एकाच विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या, जिथे मुळात अवघड रुग्ण जातात. काही जातींत कुत्र्यांची संख्या फारच थोडी. आणि नसबंदीनंतर वाढलेलं वजन हेच सांधे बिघडवत असेल, तर दोष वयाचा की वाटीचा? हा शेवटचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. ऑपरेशननंतर कुत्र्याची ऊर्जेची गरज बरीच घटते, भूक मात्र वाढते. लॅब्रडॉरची तर आणखी पंचाईत आहे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की जवळजवळ पावहिस्सा लॅब्रडॉरांत 'पीओएमसी' नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि त्यांना पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. अशा कुत्र्याची वाटी तशीच भरत राहिली तर वर्षभरात तो गोल होतो, आणि घरचे म्हणतात, 'बघा, शांत झाला.' तो शांत झालेला नसतो, जड झालेला असतो.

तीन हजारांहून अधिक गोल्डन रिट्रीव्हरांना लहानपणापासून वर्षानुवर्षं तपासत राहणारा एक मोठा अभ्यास अमेरिकेत चालू आहे. त्यातल्या २०१९ च्या निष्कर्षांत नसबंदी झालेल्यांत लठ्ठपणा जास्त दिसला आणि सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत हाडासांध्यांच्या दुखापती जास्त. आधीच्या निष्कर्षांना यामुळे बळ मिळालं. त्याच वर्षी अमेरिकी पशुरुग्णालयांच्या संघटनेने आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली. मोठेपणी साधारण २० किलोच्या आत राहणाऱ्या नराचं सहा महिन्यांना आणि मादीचं पहिल्या माजाआधी. त्याहून मोठ्या नराचं वाढ थांबल्यावर, म्हणजे ९ ते १५ महिन्यांत. मोठ्या मादीसाठी ५ ते १५ महिने अशी ऐसपैस मुदत देऊन निर्णय डॉक्टरांवर सोपवलेला आहे.

कर्करोगाचं पारडं वेगळंच डुलतं. रॉटवायलरांच्या २००२ मधल्या अभ्यासात वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्यांना हाडाच्या कर्करोगाची आयुष्यभराची जोखीम चारातल्या एकाला, इतकी मोठी निघाली. उलट २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ४० हजारांवर कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी पाहिल्या तेव्हा नसबंदी झालेली कुत्री एकंदरीत जास्त जगलेली आढळली. नरांत १३.८ टक्के, माद्यांत २६.३ टक्के. त्यांचा मृत्यू संसर्गाने आणि अपघाताने कमी झाला, कर्करोगाने जास्त. जास्त वर्षं जगलं की कर्करोगाला जास्त वेळ मिळतो, हाही हिशेब यात धरावा लागतो.

मादीचं गणित

मादीच्या बाबतीत नसबंदीच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा गर्भाशयात पू होण्याचा आहे. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींनुसार, नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी जवळजवळ पावहिश्शाला दहा वर्षांच्या आत हा आजार गाठतो. मादी अचानक भरपूर पाणी पिऊ लागते, मलूल होते आणि मध्यरात्री तातडीचं ऑपरेशन करावं लागतं. हा प्रसंग एकदा पाहिला की विसरता येत नाही.

स्तनांच्या गाठींचा पुरावा मात्र वाटतो तितका पक्का नाही. पहिल्या माजाआधी ऑपरेशन केलं तर धोका ०.५ टक्के, एका माजानंतर ८ टक्के, दोन माजांनंतर २६ टक्के, हे आकडे १९६९ मधल्या एका अभ्यासातले आहेत आणि जगभरच्या दवाखान्यांत आजही ते सांगितले जातात. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी या विषयावरचं सगळं साहित्य चाळून पाहिलं आणि पुरावा कमकुवत असल्याचं नोंदवलं. फायदा नाही, असं ते म्हणाले नाहीत. आकडे इतक्या ठामपणे सांगण्याजोगे नाहीत, एवढंच. मोठ्या अंगाच्या माद्यांत ऑपरेशननंतर कधीकधी झोपेत लघवी गळते, ही दुसरी बाजू. ते बहुधा औषधाने आटोक्यात येतं.

माज चालू असताना ऑपरेशन करत नाहीत, कारण रक्तपुरवठा वाढलेला असतो. माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबतात, म्हणजे खोट्या गरोदरपणाचा काळही सरतो.

आपल्या दारातलं वास्तव

वर सांगितलेले बहुतेक अभ्यास पट्ट्यावरच्या कुत्र्यांचे. आपल्याकडे वाडीतलं, शेतावरचं, चाळीतलं कुत्रं मोकळं असतं. मादी माजावर आली की आळीभरचे नर फाटकाशी जमतात, झुंजतात, चावतात. त्यातून रेबीजची भीती, आणि समागमातून पसरणारी एक संसर्गजन्य गाठ, जी पाश्चात्त्य शहरांत आता क्वचित दिसते आणि आपल्या डॉक्टरांना मात्र नित्याची आहे. रक्ताळलेली, फुलकोबीसारखी ती गाठ घेऊन आलेल्या कुत्र्याला दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टिनची इंजेक्शनं द्यावी लागतात. 'मोठी जात आहे, पंधरा महिने थांबा' हा सल्ला सहाव्या मजल्यावरच्या जर्मन शेफर्डला योग्य ठरेल. फाटक नसलेल्या वस्तीवरच्या मादीसाठी त्या थांबण्याची किंमत सहा पिल्लं असते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे, पण तो पूर्ण वगळता येत नाही. मुंबईत जून १८३२ मध्ये कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. हा वाद इतका जुना आहे. मद्रासच्या ब्लू क्रॉस या प्राणिमित्र संस्थेने १९६० च्या दशकात मारण्याऐवजी नसबंदीचा मार्ग सुचवला, २००१ मध्ये केंद्राचे नियम आले आणि २०२३ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. जयपूरमध्ये १९९४ ते २००२ या काळात सुमारे ६५ टक्के माद्यांचं ऑपरेशन आणि लसीकरण झालं, तेव्हा कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली. गोव्यात रेबीज आटोक्यात आला तो प्रामुख्याने व्यापक लसीकरणामुळे. पुरेशा माद्यांपर्यंत पोचता आलं तर पद्धत चालते आणि टक्का कमी पडला की पिल्लं तूट भरून काढतात, यावर बरेच जण सहमत आहेत. पकडलेली कुत्री परत त्याच जागी सोडावीत का, यावर मात्र ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२५ या चार महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाचेच आदेश बदलत गेले.

ऑपरेशननंतरचे चौदा दिवस

अभ्यासांत कमी आणि घरात सगळ्यात जास्त जाणवणारी गोष्ट म्हणजे उसळत्या कुत्र्याला ऑपरेशननंतर आवरणं.

आमची भुरी देशी, चौदा किलोची, पार्किंगमधून घरात आलेली. आदल्या रात्री जेवण बंद. सकाळी वजन, कारण भुलीची मात्रा वजनावर. पुढच्या पायावरचा चार बोटं केसांचा पट्टा भादरून सलाईनची सुई लावली. संध्याकाळी ती डुलत घरी आली, रात्रभर कण्हली. तो दिवस सोपा होता. अवघड होता चौथा. दुखणं ओसरलं, टाके ताजे, आणि खिडकीत पारवा बसला. ती जमिनीवरून सोफ्यावर, सोफ्यावरून खिडकीत. संध्याकाळी टाक्यांशेजारी लिंबाएवढी मऊ फुगवटी आली. डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि सांगितलं की आत पाणी साचलंय, विश्रांती मिळाली की जिरेल. जिरलंही. पण पुढचे दहा दिवस सोफ्यावर उलट्या खुर्च्या, खिडकीला चादर आणि गळ्यातला प्लॅस्टिकचा कोन आमच्या पोटऱ्यांवर आपटत राहिला. उपयोगी पडला तो जुना टॉवेल. त्याच्या घड्यांत दाणे लपवले की ती अर्धा तास हुंगत बसायची आणि मग झोपायची. नाकाला काम दिलं की पायांची मागणी कमी होते.

फारच आवरत नसेल तर डॉक्टर या काळापुरती शामक गोळी देतात, ती ऑपरेशनच्या आधीच मागून ठेवावी. भुलीबद्दल जातीची माहितीही आधी द्यावी. अंगावर चरबी नसलेल्या शिकारी चणीच्या कुत्र्यांना थायोपेंटालसारख्या जुन्या भुलीतून बाहेर यायला वेळ लागतो, हे ग्रेहाउंडवर पक्कं माहीत आहे. कारवानी त्याच चणीचा. डोबरमनमध्ये रक्त न गोठण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. नराच्या मालकाने आणखी एक ध्यानात ठेवावं. ऑपरेशन झालं तरी वाहिन्यांत उरलेल्या बीजामुळे काही आठवडे गर्भधारणा होऊ शकते.

रस्त्यावरच्या कुत्र्याला कोन नाही, टॉवेल नाही. ते काही दिवसांत पुन्हा उड्या मारणार, हे धरूनच तिथले सर्जन काम करतात. लहानात लहान छेद, आणि आतल्या आत विरघळणारे टाके. घरच्या धडपड्या कुत्र्यासाठीही तसे टाके मागता येतात.

मधले मार्ग आणि मोकळे प्रश्न

संप्रेरकं राखून प्रजनन थांबवण्याचे मार्गही आहेत. नराची खरी नसबंदी, म्हणजे फक्त वाहिनी कापणं. मादीत बीजांडकोश ठेवून गर्भाशय काढणं. हाडं वाचतील, पण भटकणं, माज आणि झुंजी तशाच राहतील. त्यामुळे मोकाट कुत्र्यांच्या परिसरात हा पर्याय अर्धाच ठरतो. नरासाठी काही देशांत कातडीखाली बसवायची डेस्लोरेलिनची कांडी मिळते. सहा महिने किंवा वर्षभर ती टेस्टोस्टेरॉन दाबून ठेवते. कायमचं ऑपरेशन करण्याआधी स्वभाव कसा बदलतो, हे तिच्या आधारे पाहता येतं. घाबरट नराबाबत ही युक्ती मला सगळ्यात समंजस वाटते. या मार्गांचे दहा-बारा वर्षांचे परिणाम सांगणारी माहिती अजून तुटपुंजी आहे.

आणि आपल्या मातीतल्या कुत्र्यांबद्दल? डेव्हिसच्या चाळीस जातींत कारवानी नाही, मुधोळ नाही, गल्लीतलं देशी कुत्रं तर नाहीच. बरीचशी देशी कुत्री वीस किलोच्या आतली, म्हणून मिश्र जातींचा निकष लावून लवकर ऑपरेशन चालेल, असा अंदाज डॉक्टर बांधतात. पण ही कुत्री दिवसाला कितीतरी जास्त धावतात, कमी खातात, आणि त्यांचे सांधे वेगळ्या निवडीतून आलेले आहेत. त्यांना तो निकष कितपत लागू पडतो, हे तपासायला लागणारी संख्या आपल्याइतकी कुणाकडे नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात सुमारे १.५३ कोटी भटकी कुत्री मोजली गेली. निर्बीजीकरण केंद्रांच्या वह्यांत रोज तारीख, नर की मादी, पकडल्याची जागा लिहिली जाते. मग कानाला खाच पाडून कुत्रं परत गल्लीत सोडतात, आणि पाच वर्षांनी ते लंगडायला लागलं तर ते लिहून ठेवायला वहीत रकाना नसतो.